ड्रायर फिरतो, पण कपडे ओलेच: कोकणच्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या बिघाडाचे निदान

किनारपट्टीवरील घरांमध्ये विजेवर चालणारा, गरम हवेचा ड्रायर आता नवलाईचा राहिलेला नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जेथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे पडवीतील दोरीवर टाकलेले पंचे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. घरी पाहुणे ठेवणाऱ्यांच्या चादरी-टॉवेलांची तर मोठीच पंचाईत होते. मात्र या यंत्राची एक तक्रार मालवणपासून अलिबागपर्यंत सारख्याच शब्दांत ऐकू येते. ड्रम फिरतो, आवाज येतो, दीड-दोन तास जातात आणि कपडे दमटच निघतात. मेकॅनिक येतो, फ्यूज किंवा थर्मोस्टॅट बदलून जातो आणि नेमके गणपतीच्या तोंडावर, घर चाकरमान्यांनी भरलेले असताना, ड्रायर पुन्हा तेच करू लागतो. या परत परत येणाऱ्या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा बदललेल्या सुट्या भागात नसते. ते हवेच्या वाटेत किंवा विजेच्या दाबात असते आणि दोहोंपैकी कशात आहे, हे यंत्र न उघडता बऱ्याच अंशी ठरवता येते.

येथे विचार केला आहे तो तापवलेली हवा ड्रममधून नेऊन बाहेर टाकणाऱ्या साध्या ड्रायरचा. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या पिळण्याच्या टबाचा नव्हे. पाणी टाकीत जमा करणाऱ्या कंडेन्सर प्रकाराविषयी शेवटी थोडे लिहिले आहे.

आधी ताणकाटा आणि वीजमीटर

पाण्याची वाफ करण्यास किती ऊर्जा लागते हे निसर्गाने ठरवलेले आहे. ड्रायरच्या तापमानाला एक किलो पाण्यासाठी साधारण २४०० किलोज्यूल, म्हणजे एका युनिटच्या दोन-तृतीयांश वीज लागते. हवेबरोबर फुकट जाणारी उष्णता धरली, तर सुस्थितीतील साधा ड्रायर ढोबळमानाने एका युनिटमध्ये एक किलो पाणी घालवतो. २००० वॉटचा हीटर अर्ध्या तासात एक युनिट जाळतो, म्हणून सुरुवातीचा तापण्याचा वेळ वगळता अर्ध्या तासात पाऊण ते एक किलो वजन कमी झाले पाहिजे. ओले कपडे पिशवीत भरून ताणकाट्यावर तोलावेत, अर्धा तास ड्रायर चालवावा आणि पुन्हा तोलावे. वजन अपेक्षेप्रमाणे उतरले असेल, तर यंत्र निरोगी आहे आणि दोष बाहेर शोधावा लागेल.

दुसरे साधन घरातील वीजमीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, तो आकडा मीटरच्या तोंडावर छापलेला असतो. पुष्कळ घरगुती मीटरवर तो ३२०० असतो. फ्रिज, पंखे, पंप अशी इतर सर्व उपकरणे काही मिनिटांसाठी बंद करून फक्त ड्रायर चालू ठेवावा आणि मिनिटाभरातील लुकलुक मोजावी. २००० वॉटचा हीटर आणि सुमारे २०० वॉटची मोटर एकत्र चालत असतील, तर ३२०० च्या मीटरवर ती ११५ च्या आसपास येते. एकटी मोटर चालत असेल, तर ती दहा-अकरावर उतरते. आपल्या यंत्रामागील पट्टीवर वॉटेज वेगळे असेल, तर त्या प्रमाणात हिशेब करावा.

ही मोजणी कपडे चिंब असताना, सुरुवातीच्या वीस-पंचवीस मिनिटांत करणे महत्त्वाचे आहे, कारण कपडे वाळत आल्यावर थर्मोस्टॅटने हीटर मधूनमधून बंद करणे हे स्वाभाविकच असते. त्या पहिल्या टप्प्यात मात्र हीटर अखंड चालू राहायला हवा. लुकलुक वेगाने सुरू होऊन तीन-चार मिनिटांत एकदम मंदावते, पुन्हा वेग घेते, पुन्हा मंदावते असे होत असेल, तर आत उष्णता कोंडते आहे आणि थर्मोस्टॅट हीटर तोडतो आहे. म्हणजे हवेची वाट तुंबली आहे. लुकलुक अखंड आहे पण सत्तर-पंचाहत्तरच भरते, अशा वेळी विजेचा दाब कमी आहे किंवा दोन कॉइल असलेल्या हीटरची एक कॉइल गेली आहे. ती सुरुवातीपासूनच दहा-अकरा असेल, तर हीटरला वीजच पोहोचत नाही. आणि लुकलुक पूर्ण, अखंड असूनही वजन उतरत नसेल, तर यंत्र आपलीच दमट हवा पुन्हा आत ओढत आहे. ही शेवटची अवस्था आपल्याकडे पावसाळ्यात सर्रास आढळते.

यंत्र कोठे ठेवले आहे

पावसाळ्यातील दमट हवेने ड्रायर कपडे वाळवू शकत नाही, हा समज खरा नाही. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम बाष्प बाळगते. तीच ६० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते आणि ती पाणी उत्तम शोषते. अडचण त्यानंतरची आहे. दहा फूट बाय आठ फुटांच्या खोलीत सुमारे २० घनमीटर हवा मावते आणि ती आधीच ९० टक्के भरलेली असेल, तर त्याच तापमानाला आणखी ५० ग्रॅम बाष्प सामावणेही कठीण. एका भारातून निघणारे पाणी मात्र अडीच-तीन किलो असते. खिडक्या पावसामुळे बंद, ड्रायरची बाहेर फेकली जाणारी हवा त्याच खोलीत, अशा स्थितीत भिंतींना घाम फुटतो, छताच्या कोपऱ्यांत बुरशी धरते आणि यंत्र दोन तास फिरूनही कपडे ओलेच राहतात. अशा घरात हीटर कितीही वेळा बदलला तरी फरक पडणार नाही.

म्हणून ड्रायरची हवा घराबाहेर गेलीच पाहिजे आणि तितकीच हवा खोलीत येण्यासाठी दाराखाली फट किंवा जाळी असली पाहिजे. ज्या यंत्रांना मागे नळी जोडण्याची सोय असते, त्यांना बहुधा चार इंच व्यासाची नळी लागते. ती ॲल्युमिनियमची, शक्य तितकी सरळ व आखूड असावी. प्लॅस्टिकच्या चुण्यांच्या नळीत तंतू अडकतात आणि उष्णतेने ती धोकादायक ठरते. नळीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, कारण आत थंड होऊन साचलेल्या पाण्यात लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले तंतू, भिजून तिचा नमद्यासारखा थर होतो. ज्या मॉडेलांत हवा पुढच्या जाळीतूनच सुटते, त्यांच्यासाठी खोलीला चांगला एग्झॉस्ट पंखा हाच मार्ग उरतो, आणि तो ड्रायर थांबल्यानंतरही थोडा वेळ चालू ठेवावा.

नळीचे तोंड कोणत्या बाजूला काढले आहे, याकडे आपल्याकडे फारसे पाहिले जात नाही. समुद्राकडची भिंत सोयीची वाटते, पण पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. तो तोंडावरची झडप दाबून धरतो, पावसाचे पाणी आत लोटतो आणि क्षार आणतो तो वेगळाच. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, रुंद वळचणीखाली, पागोळ्यांपासून आत असावे. कौलारू घरात नळी माळ्यावर सोडून देण्याचा प्रकारही दिसतो. त्याने वासे-रिपा कुजतात आणि कोरडे तंतू साचून आगीला निमंत्रण मिळते. उन्हाळ्यात यंत्र बंद असताना कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचे घर बांधते. मे महिन्यात काठीने ते काढून तोंड मोकळे केले, तर जूनमधील निम्म्या तक्रारी टळतील, असे माझे मत आहे.

आतील हवेची वाट

तंतू अडवणारी जाळी प्रत्येक भारानंतर साफ करावी, हे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि बहुतेक लोक ते करतातही. तरीही जाळी तुंबलेली असू शकते, कारण कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा, म्हणजे सॉफ्टनरचा, मेणचट थर तिच्या छिद्रांवर बसतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरून पाहावी. पाणी सरळ पार न जाता वर थबकत असेल, तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश यांनी ती धुवावी व पूर्ण वाळवून बसवावी. ओली जाळी बसवल्यास तिच्यावर पहिल्याच भाराचा चिखल होतो.

जाळीतून निसटलेले तंतू तिच्याखालच्या खोबणीत, पंख्याच्या पात्यांवर आणि हीटरच्या पेटीभोवती जातात. हे वर्षातून दोनदा, एकदा पावसाआधी आणि एकदा गणपतीच्या आधी, काढले पाहिजेत. प्लग उपसून, दहा-पंधरा मिनिटे थांबून, मागचे झाकण काढावे आणि व्हॅक्यूम क्लीनर व रंगाच्या कोरड्या ब्रशाने सफाई करावी. हवेच्या फवाऱ्याने तंतू उडवू नयेत, कारण ते उडून हीटरवरच बसतात. पंख्याचे पाते मोटरच्या दांड्यावर घट्ट आहे ना, हे हाताने हलवून पाहावे. पाते सैल झाले, तर मोटर पूर्ण वेगाने फिरते, आवाजही नेहमीसारखा येतो आणि हवा मात्र निम्मीच सरकते. दाराचा रबर आणि ड्रमच्या कडेची नमद्याची पट्टी झिजली असेल, तर हवा कपड्यांना वळसा घालून निघून जाते. ती पट्टी महाग नसते.

फ्यूज पुन्हा पुन्हा का जातो

हीटरच्या वाटेत साधारणपणे दोन राखणदार असतात. एक थर्मोस्टॅट, जो तापमान वाढले की तोडतो आणि उतरले की जोडतो. दुसरा थर्मल फ्यूज किंवा कटआउट, जो मर्यादेपलीकडे तापल्यास कायमचा, किंवा हाताने बटण दाबेपर्यंत, तोडून टाकतो. मल्टीमीटरवर फ्यूज अखंड असल्यास जवळपास शून्य ओहम दाखवतो, गेलेला असल्यास काहीच दाखवत नाही. हीटरच्या कॉइलचा रोध वॉटेजवरून काढता येतो: २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे सुमारे २६ ओहम. यापेक्षा फारच वेगळा आकडा आला, तर कॉइल संशयास्पद मानावी. हे मापन प्लग उपसूनच, आणि त्या भागाची एक वायर सोडवून करावे, अन्यथा इतर मार्गांनी येणारा आकडा फसवतो.

फ्यूज गेलेला आढळला, तर तो बदलण्यापूर्वी तो का गेला याचे उत्तर हवे. तुंबलेली वाट आणि सैल पंखा यांचा उल्लेख वर आलाच आहे. तिसरे कारण थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटणे. खाऱ्या हवेत ते खडबडीत होतात, ठिणग्यांनी एकमेकांना धरून बसतात आणि हीटर तुटतच नाही. म्हणून दोन्ही भाग जोडीने, आणि यंत्राच्या मूळ तापमान-आकड्याचेच बदलावेत. चौथे कारण आपल्याकडील वीज जाण्याचे आहे. हीटर लाल असताना वीज गेली की पंखाही थांबतो आणि पेटीत कोंडलेली उष्णता कटआउटपर्यंत पोहोचते. स्वच्छ यंत्र ते सोसते, तंतूंनी भरलेले सोसत नाही. वीज गेल्यास स्विच बंद करावा, दार उघडावे आणि कपडे ढिगात न ठेवता पसरावेत. वादळी पावसात, वीज ये-जा करीत असताना, ड्रायर लावूच नये.

फ्यूजऐवजी वायरचा तुकडा जोडून ‘डायरेक्ट करून देतो’ असे सांगणारे मेकॅनिक भेटतात. हे कोणत्याही परिस्थितीत, एका भारापुरतेसुद्धा, मान्य करू नये. तंतूंनी भरलेल्या पेटीत २००० वॉटचा हीटर बेलगाम सोडणे म्हणजे घर पेटवण्याची तयारी करणे होय. होडीवरच्या कामाचे डिझेल किंवा इंजिन ऑइल लागलेले कपडे, स्वयंपाकाच्या तेलाने माखलेली फडकी आणि फोम असलेल्या वस्तू ड्रायरमध्ये घालू नयेत, याचे कारणही आगच आहे. तेल धुण्याने पूर्ण निघत नाही.

विजेचा दाब आणि जोडण्या

हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर दाब सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो, पण शक्ती ३९ टक्क्यांनी. २००० वॉटचा हीटर जेमतेम १२२५ वॉट देतो. मोटरचा जोरही त्याच प्रमाणात घटतो, म्हणून ओल्या चादरींनी भरलेला ड्रम अशा वेळी हलत नाही आणि मोटर नुसती गुणगुणते. पुरेसा दाब असूनही ती गुणगुणत असेल, तर मोटर सुरू होण्यास मदत करणारा कपॅसिटर तपासावा. छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक उतरलेला कपॅसिटर बदलणेच बरे. मोटर फिरते आणि ड्रम नाही, तर पट्टा तुटला आहे.

दाब सॉकेटवर दोनदा मोजावा: ड्रायर बंद असताना आणि हीटर चालू असताना. बंद असताना २२५ आणि चालू होताच २०० असा फरक दिसला, तर बाहेरील पुरवठ्याआधी घरातील वायरिंग, स्विच आणि मीटरजवळील जोड संशयित आहेत. सुमारे नऊ-दहा अँपिअरसाठी १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. बोर्ड मुख्य घरात आणि न्हाणीघर मागीलदारी, असे अंतर असेल तेथे चार चौरस मिलिमीटरची घ्यावी. दोन्ही वेळा दाब १९० च्या खालीच असेल, तर तो वितरणाचा प्रश्न आहे. पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वरखाली असावा असा नियम आहे आणि तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवता येते. वेळ आणि मोजलेला आकडा सांगितल्यास ती टाळली जाण्याची शक्यता कमी होते. दाब २५० च्या वर उसळ्या घेत असेल, तर न्यूट्रल सैल असू शकतो, आणि तेव्हा तक्रारीआधी मेन स्विच बंद करावा.

स्टॅबिलायझर घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. कमी दाबावर पूर्ण शक्ती देण्यासाठी स्टॅबिलायझर लाइनमधून जास्त अँपिअर ओढतो, म्हणजे घरातील अशक्त जोड आणखी तापतात. वायरिंग नीट असल्याची खात्री झाल्यावरच, आणि किमान चार केव्हीएचा, घेण्याचा विचार करावा. रात्री उशिरा किंवा दुपारी, पंपांचा भार नसताना, ड्रायर लावणे हा फुकटचा उपाय आधी करून पाहावा.

किनाऱ्याजवळच्या घरात जोडण्यांना खार लागते. प्लगच्या पिना काळवंडणे, वायरच्या टोकाच्या लगवर, म्हणजे दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणावर, हिरवट-पांढरी पूड धरणे, सॉकेट हाताला गरम लागणे ही लक्षणे दिसताच लग कापून नवा दाबून बसवावा. पॉलिश पेपरने घासणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे. आतील कंट्रोल बोर्डावर मुंग्या आणि पाली जातात, त्यासाठी मागच्या फटींना बारीक जाळी लावावी. हवेची भोके मात्र झाकू नयेत.

आठ महिने बंद राहिलेला ड्रायर जूनमध्ये लावताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडतो, ही आणखी एक नेमेची तक्रार. धातूच्या नळीत बंद असलेल्या हीटरमधील मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड टोकांमधून दमटपणा शोषते आणि गळती होते. वायरमनने मेगरने, म्हणजे गळती मोजणाऱ्या उपकरणाने, तपासून, हीटर सुकवून घेतल्यावर तो बहुधा सुधारतो. न सुधारल्यास बदलावा. आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नाही. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग चांगले होणे अवघड असते, तेथे तर जीव वाचवणारी वस्तू तीच आहे. महिन्यातून एकदा दोन टॉवेल घालून पंधरा मिनिटे यंत्र चालवल्यास ही तक्रार उद्भवत नाही.

यंत्र निर्दोष, तरीही कपडे दमट

पाच किलो सुती कपडे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर पिळले, तर त्यांत साधारण अडीच किलो पाणी राहते. ७०० ते ८०० फेऱ्यांवर साडेतीन किलो. म्हणजे कमी पिळण्याने ड्रायरवर एक किलो पाण्याचा, एका युनिटचा आणि अर्ध्या तासाचा बोजा वाढतो. कपडे पुन्हा एकदा पिळून घेणे हीटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

खाऱ्या विहिरीच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. मीठ ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत हवेतील पाणी ओढून घेते आणि पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. अशा पाण्याने खळबळलेला टॉवेल ड्रायरमधून कोरडा निघतो आणि संध्याकाळपर्यंत चिकट होतो. शेवटचे खळबळणे नळाच्या किंवा पन्हळीच्या पाण्याने करावे. कपडे वाळताच आपोआप थांबणाऱ्या यंत्रात ड्रममधील दोन धातूच्या पट्ट्या कापडाची विद्युतवाहकता पाहून ओल ओळखतात. क्षारांमुळे त्यांना कोरडे कापड ओले वाटते आणि यंत्र थांबत नाही, तर त्यांच्यावर सॉफ्टनरचा थर बसल्यास ओले कापड कोरडे वाटते आणि यंत्र लवकर थांबते. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने त्या पुसाव्यात. सुती कापडात ६५ टक्के आर्द्रतेलाही स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतेच, तेव्हा ऑगस्टमध्ये उघड्या फडताळात ठेवलेल्या चादरीकडून एप्रिलच्या कडकपणाची अपेक्षा करू नये. गार होताच त्या बंद पिशवीत ठेवाव्यात.

कंडेन्सर ड्रायरला बाहेरची नळी लागत नाही, पण त्याचा उष्णता-विनिमयक, म्हणजे दमट हवा थंड करून तिच्यातील पाणी काढणारा भाग, महिन्यातून एकदा पाण्याखाली धुवावा लागतो, आणि कोंदट, तापलेल्या खोलीत त्याचे पाणी गोळा करण्याचे काम मंदावते. टाकी रिकामी असूनही ‘टाकी भरली’ असा दिवा लागत असेल, तर तळातील तरंगता स्विच तंतूंनी अडकला आहे.

किनाऱ्याजवळच्या घरातील यंत्राचा तळाचा पत्रा मात्र दरवर्षी पाहावा. वरवरचा गंज घासून रंगवता येतो. मोटरचे बूड ज्यावर बसते तेथेच पत्रा पोखरला असेल, तर नवा हीटर किंवा मोटर घालण्यात अर्थ नाही. अशा यंत्राचा कपॅसिटर आणि पट्टा चांगला असल्यास काढून ठेवावा आणि बाकीचे भंगारात द्यावे.